कोण काय कबूल करून गेलं

३ सप्टेंबर, सोमवार

ही वही अमारीच्या रसायनशास्त्राच्या बाईंनी, मिसेस फेअरलींनी, आणून दिली. म्हणाल्या, "व्हर्नेल, आता तुझ्या घरी माणसं येतील. मोठमोठ्या विद्यापीठांची. गोड बोलतील. कोण काय कबूल करून गेलं ते तारीख घालून लिहून ठेव." मला हसू आलं. कोंबड्या कापायच्या कारखान्यात आठ तास सरकत्या पट्ट्यापाशी उभं राहून आल्यावर हात पेन धरायच्या लायकीचे राहत नाहीत. पण बाईंचा शब्द मोडवत नाही. त्यांनी मलाही शिकवलंय.

तर, माझा मुलगा अमारी सतरा वर्षांचा. उंची सहा फूट पाच इंच. आमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याचं काम म्हणजे चेंडू फेकणाऱ्या पोरापुढे भिंतीसारखं उभं राहायचं आणि धावून येणाऱ्यांना अंगावर घ्यायचं. चेंडू याच्या हाताला कधी लागत नाही. टाळ्याही दुसऱ्यालाच. मला वाटायचं, असल्या खेळाडूला कोण विचारतंय? पण खेळासाठी फुकट शिकवायला तयार असलेल्या विद्यापीठांची पत्रं आता बुटांच्या खोक्यात मावेनाशी झालीत.

त्याला स्वतःला गुरांचा डॉक्टर व्हायचंय. सगळा उन्हाळा गावच्या डॉक्टरांमागे गोठ्यागोठ्यांतून हिंडला. जेवताना सांगतो, "आई, आज वासरू अडलं होतं, पाय मी ओढला." मग माझी थोरली बहीण, जुनी नाव तिचं, ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाते.

१५ सप्टेंबर, शनिवार

काल जिंकलो. आज सकाळी शाळेच्या संघाचे कोच टिलमन हातोडी घेऊन हजर. मागच्या दाराची पायरी हलते, असं मी उन्हाळ्यात कधीतरी बोलले होते. त्यांनी लक्षात ठेवलं. माझा नवरा सेड्रिक ट्रकच्या अपघातात गेला त्याला सहा वर्षं झाली. दफनाच्या दिवशी हा माणूस अमारीच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता, आणि पोरगा शाळेच्या संघात आल्यापासून सराव झाल्यावर त्याला एकदाही चालत घरी यावं लागलेलं नाही.

पायरी झाल्यावर पीचची फळं घालून भाजलेलं गोड कॉबलर दिलं. दोनदा मागून घेतलं. आज पहिल्यांदाच 'मिसेस प्रुइट' न म्हणता 'व्हर्नेल' म्हणाले. बरं वाटलं. उगाच परकेपणा कशाला? मला ते भावासारखे आहेत.

जुनी म्हणाली, "पायरी ठोकायला माणूस येणार म्हणून कुणी निळा ब्लाउज घालतं का गं?" हिला भलतंच काहीतरी दिसतं. बाकीचे कपडे धुवायला होते.

६ ऑक्टोबर, शनिवार

वेदर्सबी कॉलेज बघून आलो. लहानसं आहे. मैदान आमच्या शाळेपेक्षा थोडं मोठं, इतकंच. पण जीवशास्त्राच्या प्राध्यापक ब्रिस्को बाई रबरी बूट घालूनच भेटल्या आणि अमारीला थेट गोठ्यात घेऊन गेल्या. मी आणि तिथले कोच बाहेर उभे. कोच म्हणाले, "मंगळवारी प्रॅक्टिकल पाचपर्यंत चालतं. मंगळवारी आम्ही तुमच्या मुलाशिवाय सराव करू. याआधीही केलाय. एका पोराला असंच चार वर्षं सांभाळलं, तो आता डॉक्टर आहे." माणूस साधा, बोलताना सारखा घड्याळाकडे बघत होता.

अमारी एरवी दिवसाला दहा शब्द बोलतो. परतीच्या अडीच तासांत गप्प बसला नाही. गाईच्या पोटाला कप्पे किती आणि कुठल्या कप्प्यात काय होतं, हे मला आता झोपेतही सांगता येईल.

९ ऑक्टोबर

कोच टिलमनना वेदर्सबीचं सांगितलं. त्यांनी हातातला काटा खाली ठेवला.

"व्हर्नेल, असा पोरगा मला वीस वर्षांत एकदा मिळाला. त्याला तिथे गुरं राखायला पाठवणार तू? टॅलाडिन विद्यापीठ त्याला मागतंय. त्यांचा सामना सगळा देश टीव्हीवर बघतो. गुरांचा डॉक्टर तिथूनही होता येतं की!"

मी म्हटलं, "त्याला वेदर्सबी आवडलंय."

"सतरा वर्षांच्या पोराला काय कळतं? तू आई आहेस. तो फक्त तुझं ऐकतो." आणि जाताना म्हणाले, "आपण दोघं मिळून त्याला नीट मार्गाला लावू."

आपण दोघं. बरोबरच आहे. एकट्या बाईने असले निर्णय घ्यायचे तरी कसे?

२८ नोव्हेंबर, बुधवार

टॅलाडिनचे कोच हॅस्केल आज जेवायला होते. मी कारखान्यातून दोन तास लवकर निघाले. पोर्क चॉप, कोलार्डची पालेभाजी, मक्याचा कॉर्नब्रेड. माणूस उंच, दात पांढरेशुभ्र. घरात आल्या आल्या सेड्रिकच्या फोटोसमोर मान खाली घालून उभा राहिला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

कबूल केलं ते शब्दाला शब्द लिहिते.

"मॅम, पशुवैद्यकाला लागणारे विषय तो पहिल्याच सत्रापासून घेईल."

"प्रॅक्टिकल आणि सरावाची वेळ जुळवून देणं हे माझं काम."

"तो माझाच मुलगा समजा. मी तिथे आहे तोवर त्याच्या केसाला धक्का लागणार नाही."

अमारीने एकच प्रश्न विचारला. "सर, गेल्या पाच वर्षांत तुमच्या संघातला कुणी गुरांचा डॉक्टर झाला का?"

हॅस्केल हसले. "तू पहिला होशील, बेटा!" आम्ही सगळे हसलो. अमारी सोडून.

कोच टिलमन सूट घालून आले होते. दोघांची चांगलीच ओळख दिसते. निघताना हॅस्केल त्यांना म्हणाले, "रॉयस, नव्या इमारतीत तुला खिडकीची बाजू हवी की आतली?" टिलमननी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. सामना बघायला बसायच्या जागेबद्दल असेल. बाहेर बराच वेळ उभे होते. टिलमन परत आत येतील म्हणून कॉफी ठेवली होती, ती शेवटी मीच प्यायले.

९ डिसेंबर, रविवार

भांडण झालं. अमारी म्हणाला, "आई, मला वेदर्सबीला जायचंय. मी त्यांना तसं कळवणार आहे."

मी सगळं सांगून पाहिलं. टीव्ही, मोठं नाव, हॅस्केलनी दिलेला शब्द. तो खाली बघून ऐकत राहिला आणि पुन्हा तेच म्हणाला. "टॅलाडिनच्या माणसाने माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही, आई."

मग मी जे बोलले तेही इथे लिहायला हवं. मी म्हटलं, "तुझ्या बाबांची फार इच्छा होती, तुला टॅलाडिनच्या जर्सीत बघायची."

सेड्रिक असं कधीच म्हणाला नाही. सेड्रिकला फुटबॉलचं काही पडलेलं नव्हतं. सगळं गाव सामन्याला गेलं की हा गळ घेऊन तळ्यावर.

अमारीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे, मॅम." मला तो मॅम कधीतरीच म्हणतो.

त्याच्या भल्यासाठीच केलं. पुढे तोच म्हणेल, बरं झालं.

१९ डिसेंबर

कोण कुठल्या विद्यापीठाकडून खेळणार, त्याच्या सह्या शाळेच्या व्यायामशाळेत झाल्या. टेबलावर दोन टोप्या ठेवल्या होत्या, एक टॅलाडिनची लाल, एक वेदर्सबीची हिरवी. अमारीने लाल उचलली, सही केली. सही केली की पोरगा वर्षभर बांधला. टाळ्या, फोटो, बँड. कोच टिलमन रडले. खरंच रडले, रुमाल काढून. मग मला सगळ्यांसमोर मिठी मारली आणि कानात म्हणाले, "हे तू केलंस, व्हर्नेल."

घरी आल्यावरही बराच वेळ कोट काढला नाही.

मिसेस फेअरली मागे उभ्या होत्या. अभिनंदन केलं, पण लगेच निघून गेल्या. त्यांना वेदर्सबीच हवं होतं, जरा हट्टीच आहेत बाई.

११ जानेवारी

जुनीने फोनवरची बातमी वाचून दाखवली. कोच टिलमन शाळा सोडून टॅलाडिनला चालले. तिथल्या संघात मोठं पद मिळालं.

माझा तर आनंद मावेना. म्हटलं, "जुनी, म्हणजे तिथेही अमारीवर त्यांचं लक्ष राहील! देवानेच जुळवून आणलं."

जुनी म्हणाली, "देवाने?" आणि फोन पर्समध्ये टाकला.

त्यांनी आधी मला का नाही सांगितलं, एवढंच कळत नाही. गडबडीत असतील.

१९ जानेवारी

आले होते. बसले नाहीत. दारातच उभं राहून म्हणाले, "पोराजवळ राहता यावं म्हणूनच घेतली ही नोकरी." मी म्हटलं, कॉबलर केलंय. म्हणाले, गाडीत सामान आहे, उशीर होईल.

रस्ता चार तासांचा आहे. अमारीला भेटायला मी जाईनच अधूनमधून. तेव्हा सगळ्यांची भेट होईल.

२ जून

अमारीला सोडून आले. खोली छान आहे. कोच हॅस्केल भेटले नाहीत. फेब्रुवारीतच दुसऱ्या विद्यापीठात गेले म्हणे, पश्चिमेकडे कुठेतरी. "मी तिथे आहे तोवर" असं म्हणाले होते. वही उघडून पाहिलं. शब्द बरोबर तेच आहेत.

कोच टिलमन मीटिंगमध्ये होते. दुरून हात केला.

२१ ऑगस्ट

परवा अमारीचा फोन आला. जीवशास्त्राची सगळी प्रॅक्टिकलं दुपारी दोन ते पाच. सराव दोन ते सहा. संघाच्या पोरांना विषय निवडून द्यायला एक मुलगी नेमली आहे. ती म्हणाली, "हंगाम संपला की बघू." तोवर त्याला मनोरंजन व्यवस्थापन नावाचा अभ्यासक्रम दिलाय. संघातले एकवीस जण त्याच वर्गात आहेत.

मी विचारलं, "मनोरंजन व्यवस्थापन म्हणजे काय रे?"

"बागेत झोपाळे किती बसवायचे ते, आई."

मी हसले. तो हसला नाही. लगेच कोच टिलमनना फोन लावला. आज त्यांचा उलट फोन आला. "पहिलं वर्ष आहे, व्हर्नेल. त्याला रुळू दे. तू मध्ये पडलीस तर तिथे त्याचंच हसं होईल."

मग मी तो विषय सोडला.

१७ सप्टेंबर

अमारीला निबंधात पहिला वर्ग मिळाला. मी शाबासकी दिली. तो म्हणाला, "आई, पुस्तक मी उघडलंही नव्हतं. संघाने नेमलेला, शिकवायला येतो तो मुलगा म्हणाला, तू दमला आहेस, जा झोप, मी बघतो. दुसऱ्या दिवशी माझ्या नावाने निबंध तयार. मी म्हटलं, माझा मी लिहितो. तर म्हणाला, मग माझी नोकरी जाईल."

पहाटे साडेपाचला व्यायाम, मग वर्ग, मग सराव, मग जुन्या सामन्यांच्या फिती बघणं. या वर्षी त्याला सामन्यात उतरवणारही नाहीत. नुसता सराव.

शाळेत रसायनशास्त्रात पहिला यायचा. मिसेस फेअरली आज दुकानात दिसल्या. मी दुसऱ्या रांगेत वळले.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

टॅलाडिनला आले. न कळवता थेट टिलमन यांच्या कचेरीत गेले. खिडकी आहे. खालचं अख्खं मैदान दिसतं. भिंतीवर अमारीचा सही करतानाचा फोटो, कोपऱ्यात मीही आहे, तोंड भरून हसणारी.

त्यांनी खुर्ची दिली. विचारलं, कशी आहेस, जुनी काय म्हणते. मी वही काढली आणि हॅस्केलचे शब्द वाचून दाखवले. तिन्ही वाक्यं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हर्नेल, याला भरती म्हणतात. घरोघरी सगळे असंच बोलतात. तुला काय वाटलं, एका पोरासाठी ते नव्वद जणांच्या सरावाची वेळ बदलतील?"

"वेदर्सबी त्याला मंगळवारी सोडणार होतं."

"वेदर्सबी!" असं म्हणून ते हसले.

त्या हसण्यावर माझ्या तोंडून प्रश्न गेला. मी तो ठरवून आले नव्हते. "ही खुर्ची तुम्हाला कधी कबूल झाली, कोच?"

ते टेबलावरचे कागद सारखे करत बसले.

"मला खरं हवंय. हॅस्केल माझ्या घरी जेवले त्याच्या आधी?"

"त्यात काय आहे आता..."

"आधी की नंतर?"

"ऑगस्टमध्ये," ते म्हणाले. "तू समजून घे. अमारी आला तरच जागा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी वीस वर्षं त्या शाळेत काढली, व्हर्नेल. मलाही पुढे जायचं होतं. त्याचंही भलं, माझंही भलं. यात तुझं काय वाईट केलं मी?"

ऑगस्ट. म्हणजे पायरी ठोकायला आले त्याच्याही आधी. दोनदा कॉबलर घेतलं, व्हर्नेल म्हणाले, आपण दोघं म्हणाले, त्या सगळ्याच्या आधी. मी मनातल्या मनात एकेक दिवस मोजत बसले. एकही दिवस उरला नाही.

उद्याच्या सामन्याची दोन तिकिटं त्यांनी पुढे सरकवली. चांगल्या जागा आहेत, म्हणाले. मी ती तिथेच ठेवली. उठताना गुडघ्यातून कळ आली आणि त्यांनी हात पुढे केला. तो मी धरला नाही.

१२ ऑक्टोबर

सामन्याआधी अमारीला तासभर मोकळीक होती. हमरस्त्यावरच्या खाणावळीत बसलो. त्याने सहा अंडी मागवली आणि दोनच खाल्ली. ऑगस्टचं सगळं सांगितलं. तो नुसतं "हं" म्हणाला. जणू हवामानाची बातमी.

मग ज्यासाठी रात्रभर डोळा लागला नव्हता ते सांगितलं. "अमारी, बाबांच्या इच्छेचं मी बोलले होते ना, ते खोटं होतं. ते तसं कधीच म्हणाले नव्हते."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"आई, मी बाबांबरोबर तळ्यावर जायचो. टॅलाडिनचा सामना रेडिओवर लागला की ते रेडिओ बंद करायचे, मासे पळतात म्हणून. त्यांना टॅलाडिनचा रंगसुद्धा माहीत नसेल."

"मग सही का केलीस?"

तो काट्याने बशीतली अंडी इकडून तिकडे करत राहिला. एवढा मोठा देह, पण खांदे असे पडले की मला तो अकरा वर्षांचा दिसला.

"बाबा गेल्यावर तू हसणंच सोडलं होतंस. कोच आले की हसायचीस. आरशात बघायचीस. मला वाटलं, त्यांचं ऐकलं तर ते येत राहतील. तुला कुणीतरी होईल."

मी वाढणाऱ्या बाईकडे बघत राहिले, खिडकीबाहेर बघत राहिले. जुनीला दिसलं, पोराला दिसलं, त्या माणसाला तर सगळ्यात आधी दिसलं असणार. मलाच तेवढं दिसलं नाही.

"मी मूर्ख आहे रे," मी म्हटलं.

"मूर्ख नाहीस. एकटी होतीस." त्याने माझी बशी स्वतःकडे ओढली आणि माझी अंडी संपवली. "आई, मी इथे राहत नाही. हे सत्र पुरं करतो आणि जातो. आता तू मध्ये काही बोलू नकोस."

"ठीक आहे, सर," मी म्हटलं. तेव्हा कुठे तो हसला.

३ डिसेंबर

वेदर्सबीच्या कोचनी खरं तेच सांगितलं. त्याची जागा दुसऱ्या पोराला गेली, यंदा शिष्यवृत्ती नाही. पुढच्या वर्षी बघू, पण वचन देत नाही. ब्रिस्को बाईंनी मात्र प्रॅक्टिकलला एक जागा मोकळी आहे म्हणून कळवलं, आणि फीला हातभार म्हणून गोठ्यात सकाळचं काम. टॅलाडिनमधल्या विषयांतला फक्त निबंधाचा विषय तिथे धरतील, असं कॉलेजने कळवलं. अमारीने तोच नको म्हणून सांगितलं. "तो मी लिहिलेला नाही." म्हणजे सगळं पहिल्यापासून.

जुनीने इतकं सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच एक शब्दही टोचून बोलली नाही. नुसती माझ्याजवळ येऊन बसली.

१४ जानेवारी, मंगळवार

आज त्याचं पहिलं प्रॅक्टिकल. पाच वाजून दहा मिनिटांनी फोन आला. बेडकाबद्दल इतकं बोलला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मैदानाबद्दल मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पण फोन ठेवता ठेवता म्हणाला, "पोरांचा आवाज इथपर्यंत येतो गं." त्याला खेळही आवडत होता, हे आम्ही सगळे विसरूनच गेलो होतो.

१ फेब्रुवारी, शनिवार

टिलमन यांचा फोन आला. मी उचलला. का उचलला माहीत नाही.

आवाज तसाच, ऊबदार. अमारीची चौकशी केली. मग म्हणाले, "व्हर्नेल, तुमच्या चर्चमधली ती रोशेल गिव्हन्स आहे ना, तिचा पोरगा पुढच्या वर्षी आम्हाला हवाय. पोरगा अडून बसलाय. गावात तुझ्या शब्दाला मान आहे. तिच्याशी जरा बोलशील?"

मी म्हटलं, "बोलते."

आणि तशीच कोट घालून निघाले. रोशेल नवऱ्यापासून वेगळी राहते, शाळेची बस चालवते. दार उघडलं तेव्हा केस नीट बसवलेले, कानात डूल. टेबलावर केक कापलेला. "ये, ये! कोच टिलमन मागच्या आठवड्यात येऊन गेले, व्हर्नेल. इतक्या मोठ्या पदावर, पण माझ्या गाडीचं तेल स्वतः बदलून दिलं बघ!"

मी बसले आणि सगळं सांगितलं. हॅस्केल, खिडकी, ऑगस्ट, झोपाळे, निबंध. निळ्या ब्लाउजचंसुद्धा सांगितलं. ते जुनीखेरीज कुणाला माहीत नव्हतं. बोलता बोलता माझे कान तापले.

रोशेलचा चेहरा आधी पडला, मग ताठ झाला. ती उठून उभी राहिली.

"तुझा मुलगा तिथे टिकला नाही, व्हर्नेल. म्हणून माझ्याही मुलाने जाऊ नये?"

"तसं नाही गं..."

"आणि तो माणूस तसा नाही. माझ्याशी तरी नाही. तू निघ आता."

दार लावून घेतलं तिने. मी पायरीवर थोडा वेळ उभी राहिले. तिच्या जागी मी असते तर मीही लावलं असतं, बहुतेक अजून जोरात.

उद्या रविवार आहे. चर्च सुटल्यावर तिला पुन्हा गाठणार आहे.